रॉकेलच्या डब्याचा चांद

चहा आधी संपवा. तो गार झाला की माझा किस्सा बेचव लागतो आणि दोष माझ्यावर येतो, असा आजवरचा अनुभव आहे.

तर मंडळी, फजितीच सांगायची तर कुठली सांगू, इतक्या माझ्याकडं शिल्लक आहेत. पण ही जी सांगणार आहे ती शब्दन् शब्द खरी. अणदूरच्या खंडोबाचा भंडारा कपाळाला लावून सांगतो, तिळाएवढं खोटं यात नाही. माझ्या तिन्ही पोरी साक्षीला होत्या. म्हणजे मधली त्या वेळी खाली करंज्यांच्या डब्यापाशी होती, तिला धरू नका. दोन पोरी आणि माझा पांढरा घोडा. बरं, घोडा नव्हता. घोडा मी एकदा तुळजापुरात सांगताना घातला, तो आपला तसाच राहून गेलाय. घोडा सोडून बाकी सगळं खरं.

निजामाचं राज्य होतं. तिकडं विलायतेत लढाई लागलेली. इकडं अणदुरात माझं राज्य म्हणजे एक किराणा दुकान, एक बायको आणि तीन पोरी, आणि त्यातही माझा हुकूम चालायचा तो फक्त दुकानात. थोरली गंगा अकरा वर्षांची. बहिणी तिला अक्का म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर मीही तिला थोडा भिऊनच असायचो. मधली महादेवी आठ वर्षांची. धाकटी नागू त्या भाऊबीजेला सहा पुरी करून सातव्यात जाणार होती.

नागूचा जन्म भाऊबीजेचा. तेव्हा वाढदिवस तिथीनंच व्हायचे. सकाळी न्हाऊ घालायचं, पाटावर बसवून ओवाळायचं, काहीतरी गोड खायचं, संपला वाढदिवस. पण नागूच्या वाढदिवसाला एक खोड होती. आमच्या शेजारच्या कोंडाआत्यानं ती जन्मायच्या आठ दिवस आधीपासून गावभर सांगितलं होतं की बीजेला येतोय म्हणजे हा भाऊच. आली नागू. अंदाज कोंडाआत्याचा चुकला, पण दर दिवाळीला बोलणी मात्र पोरीला.

आता ज्या पोरींना भाऊ नसतो त्या बीजेच्या चांदाला ओवाळतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या तिघीही दर साली घरावरच्या माळवदावर चढून ओवाळायच्या. बरोबर त्यांची आई असायची. मी तेव्हा दुकानात. दिवाळीच्या गर्दीत दिवेलागणीला गल्ला सोडून चांद बघायला कोण जातो?

पण त्या साली पोरींच्या आईला तामलवाडीला भावाकडं जायचं होतं, आणि भावाच्या घरात पोरांना गोवर निघालेला. तेव्हा पाडव्याला मला ओवाळून झाल्यावर ती एकटीच गावातल्या एका गाडीत बसून गेली. जाताना म्हणाली, "एकच दिवस आहे. पोरींना जेवू घाला, आणि नवीन काही करू नका."

नवीन काही करू नका. हे तिनं दोनदा सांगितलं. चाकं हलल्यावर तिसऱ्यांदा.

त्याच संध्याकाळी नागू उंबऱ्यावर येऊन माझ्या शेजारी बसली.

"आप्पा, मी चुकून आले का?"

"कुठं?"

"हितं. आपल्या घरात. कोंडाआत्या म्हनली, भाऊ यायचा होता, मधीच मी आले."

आता तुम्हीच सांगा, काय बोलावं? शहाण्या बापानं पोरीला जवळ घेतलं असतं, आणि कोंडाआत्याला चार शब्द सुनावले असते. पण कोंडाआत्यापुढं माझा आवाज फुटत नाही, आणि सरळ बोलणं माझ्या जिभेला कधी मानवलंच नाही. मी म्हणालो, "अगं, भाऊ दारापर्यंत आला होता. पण चांद वरून ओरडला, या पोरींचा भाऊ मी हाय की, आणिक दुसरा कशाला? त्यापेक्षा नागूला धाडा."

नागूनं विचार केला. "मग त्यो ओवाळणी का टाकत न्हाय? दर साली ओवाळतो की आमी."

"यंदा टाकणार."

"वरनं?"

"वरनं कशाला? खाली येऊन. तुझा वाढदिवस ना."

"किती खाली?"

आमच्या परसात चिंच होती, माळवदावर झुकलेली. बोलताना माझी नजर तिच्यावर गेली, एवढाच त्या बिचाऱ्या झाडाचा गुन्हा. "चिंचेपर्यंत," मी म्हणालो.

नागूनं चिंचेकडं बघितलं. मग माझ्याकडं. "आन् न्हाय आला, तर मी चुकूनच आले. व्हय का न्हाय?"

झालं. आता चांद चिंचेपर्यंत आणल्याशिवाय गत नव्हती.

भाऊबीजेला सकाळी पोरींना शिरा करून घातला. तो असा जमला की महादेवीनं खाल्ला नाही, फोडला. आणि मग मी चांदाच्या मागं लागलो. माझ्याकडं रॉकेलचा रिकामा डबा होता. त्याच्या एका बाजूला चांदाची कोर कापायची, आतून पिवळा पतंगी कागद चिकटवायचा, पोटात कंदील ठेवायचा आणि दोरीनं चिंचेवर चढवायचा. खाली नागूसाठी आणलेल्या बांगड्यांचं गाठोडं बांधायचं. पोरींनी माळवदावरनं ओवाळलं की दोरी ढिली करायची, गाठोडं अलगद माळवदावर. बेत ऐकायला कसा वाटतो? मलाही तसाच वाटला.

पण पत्रा कापायला कात्री पाहिजे. गावात तसली दणकट कात्री एकच, बाबूमिया शिंप्याची.

बाबूमियाचं त्या साली काय चाललं होतं ते आधी सांगितलं पाहिजे. दिवाळी आली होती रमजानात. म्हणजे दिवाळीचे कपडे आणि ईदचे कपडे एकाच महिन्यात, एकाच मशीनवर. आमची बीज ज्या चांदाची, तोच चांद दिसला की दुसऱ्या दिवशी त्यांची ईद. सगळं गाव चांद दिसावा म्हणून डोळे लावून बसलेलं. एकटा बाबूमिया तेवढा म्हणत होता, या खुदा, अजून एक रोजा वाढव, माझे अकरा कुडते बाकी आहेत. त्या ढिगात आमच्या नागूचा परकरही दसऱ्यापासून होता.

मी गेलो तेव्हा तो कमरेपर्यंत कापडात बुडालेला होता आणि तोंडात चार टाचण्या. मी म्हटलं, पाच मिनिटं कात्री द्या, कागद कापायचाय. त्यानं टाचण्या काढल्या. म्हणाला, "शेटजी, इस कैंचीको कागद दिखाना बी नक्को. धार जाती. मेरे बावा की कैंची हय."

मी म्हटलं, नाही तर नाही. तेवढ्यात तो मशिदीतल्या मुल्लाजींच्या कुडत्याचं माप घ्यायला ओट्यावर गेला, आणि मी कात्री धोतरात खोचून घरी आलो. पाच मिनिटांत परत ठेवणारच होतो.

कागदानं धार जाते म्हणे. पत्र्यानं काय जातं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नव्हतं. कोर अर्धी कापून होईतो कात्रीच्या दोन पात्यांचं आपसात बोलणं बंद झालं. एक इकडं तोंड करून, एक तिकडं. उरलेली कोर मी दगडानं ठोकून काढली. काहीशी वांग्यासारखी झाली, पण कागद लावल्यावर शोभली. कात्री धान्याच्या कणगीत लपवली.

दिवस मावळला. गंगानं ताट तयार केलं, निरांजन लावलं आणि नागूला घेऊन माळवदावर गेली. महादेवी करंज्यांपाशी थांबली, ते सांगितलंच. मी "बैलाला पाणी दाखवून येतो" म्हणून परसात गेलो. गंगा म्हणाली, "आप्पा, आपल्याकडं बैल न्हाय." मी ऐकलं नाही असं दाखवलं. पश्चिमेला काळाकुट्ट ढग दाटलेला होता, खऱ्या चांदाचा पत्ता नव्हता, तेव्हा मी म्हटलं, आजचं आकाश आपलंच. कंदील पेटवला, डबा वर ओढला.

काय दिसला म्हणून सांगू! चिंचेच्या शेंड्याला पिवळाधमक चांद लटकलाय, वाऱ्यानं हळूच हलतोय. मला माझंच कौतुक वाटून डोळ्यांत पाणी आलं. मी दोरी धरून भिंतीआड उभा राहिलो आणि वरून नागूचा आवाज यायची वाट बघू लागलो.

आवाज आला, पण मशिदीकडनं. आधी पोरांचा कल्ला, मग ताशा, मग फटाके. "चांद! चांद!"



अहो, पश्चिमेला ढग. सबंध आभाळात चांद एकच, आणि त्याच्या पोटात माझा कंदील! गावानं माझा डबा बघून ईद धरली होती. उद्या रोजे सुटणार, सगळं गाव नमाजाला जाणार, कशाच्या जोरावर? रॉकेलच्या. आणि गोष्ट गावात थोडीच थांबते? मला स्वच्छ दिसायला लागलं, स्वार घोडा फेकत तुळजापूरला निघालाय, तिथनं धाराशिवला, तिथनं हैदराबादला तार गेलीय की अणदुरात चांद दिसला, आणि खुद्द निजामसरकार एक दिवस आधी गळाभेटी घेत सुटलेत. मग चौकशी. मग मी.

दोरी खुंटीला गुंडाळली आणि अनवाणी पळत सुटलो. मशिदीपुढच्या मोकळ्या जागेत अर्धं गाव जमलेलं. मिठ्या, मुबारकबाद. मध्ये मुल्लाजी. पांढरी दाढी, आवाज कायम खालच्या पट्टीत. मी गर्दीत घुसलो आणि ओरडलो, "थांबा, ईद धरू नका! त्यो चांद माझा हाय. मी केलाय."

ताशेवाल्याची काडी वरच राहिली.

"कुठला चांद, शेटजी?" मुल्लाजींनी विचारलं.

"चिंचेवरचा. डब्याचा हाय तो. पोरीसाठी केला. माझी चूक झाली, पण तुमची ईद खोटी होऊ देणार न्हाय."

मुल्लाजी बोलायच्या आत गर्दीतनं बाबूमिया पुढं आला. त्याचा चेहरा असा उजळलेला की ईद त्याच्या एकट्याचीच असावी.

"शेटजी सच बोलते," तो सगळ्यांना म्हणाला. "शेटजी झूट कब्बी नै बोलते."

माझ्या उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल हे वाक्य कुणी बोलल्याची ही एकच वेळ. बाबूमिया तिथंच थांबला नाही. दिवाळीच्या सणाला हिंदू माणूस खोटं कशाला बोलेल, चांद डब्याचा तो डब्याचाच, तेव्हा ईद परवा करा, अजून एक रोजा सगळ्यांनी धरा, सवाब, म्हणजे पुण्यही मिळेल आणि कुडतेही मिळतील, असं त्यानं गावाला समजावलं. मीही मान हलवत होतो. आम्ही दोघं मिळून ईद एक दिवस पुढं ढकलतच आणली होती.

मग बाबूमिया बोलता बोलता थांबला. माझ्याकडं वळला. आवाज एकदम मऊ.

"पन शेटजी, डब्बा काटे कायसे?"

मी धोतराचा सोगा सारखा करायला घेतला.

"सुबू से मेरी कैंची दिखती नै."

मुल्लाजींनी ते भांडण वाढू दिलं नाही. त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि दुकानातली बरणी फिरवावी तसं मला गर्रकन पश्चिमेकडं फिरवलं. ढग कधी सरला देव जाणे. समोर, टेकडीच्या माथ्यावर, नखाएवढी कोर. स्वच्छ. डोळ्यात टोचावी इतकी स्वच्छ.

"आम्ही हा चांद बघितला, शेटजी," ते म्हणाले. "चिंचेवर तो आकाशकंदील हाय ना? आम्हाला वाटलं, यंदा शेटजींनी तिरपा बांधलाय."

हसले म्हणजे किती हसले! रोजा सोडून जेमतेम चार खजूर पोटात गेलेली माणसं, पोट धरून बसली. बाबूमिया तेवढा हसला नाही. तो माझ्या मागोमाग चालत घरापर्यंत आला. वाटेत नुसता मोजून श्वास घेत होता.

मला त्या वेळी कात्रीची काळजी नव्हती, ईदची उरली नव्हती. डोळ्यापुढं एकच होतं. खुंटीला गुंडाळलेली दोरी, न उतरलेलं गाठोडं, आणि माळवदावर ताट घेऊन उभी असलेली नागू. न्हाय आला तर मी चुकूनच आले, व्हय का न्हाय.

परसात पोचलो. कंदिलाची काच काजळून माझ्या चांदाची पार अमावास्या झालेली. शिडी चढून माळवदावर गेलो तर दोघी पोरी पश्चिमेकडं तोंड करून बसलेल्या, पुढ्यात ओवाळून झालेलं ताट.

मी म्हणालो, "नागू, चांदाचं काय झालं की—"

"आप्पा," नागू म्हणाली, "त्या डब्यावर बगळ्याचं चित्र हाय. सकाळी परसात बघितला म्या. चांदावर बगळा कुठनं यील?"

मी गंगाकडं बघितलं. गंगानं सांगितलं की डबा ठोकल्याचा आवाज वेशीपर्यंत जात होता, नागूनं सकाळीच सगळं ओळखलं, पण आप्पांना वाईट वाटेल म्हणून दोघींनी ठरवलं की गप्प बसायचं. आधी खऱ्या चांदाला ओवाळलं. मग वळून डब्याला ओवाळलं. दोनदा, कारण कुणी दोरीच सोडेना.

म्हणजे बघा, फसवायला निघालो मी, आणि सबंध दिवस मला फसवत होत्या त्या.

खाली जाऊन दोरी सोडली, डबा माळवदावर उतरला, पण गाठोड्याची गाठ सुटेना. बाबूमिया कणगीतनं कात्री शोधून घेऊन शिडीवर आला होता, त्यानं ती दोरीला लावली. दोरी वाकली, तुटली नाही. त्यानं कात्रीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. शेवटी गंगानं दातानं गाठ सोडली. बांगड्या निघाल्या, नागूनं घातल्या. निरांजन अजून तेवत होतं आणि समोर बाबूमिया उभा होता, तेव्हा तिनं त्यालाही ओवाळून टाकलं. त्यानं गडबडीनं खिसे चाचपले आणि निघालं ते दोऱ्याचं रिकामं रिळ ताटात ठेवलं. ते रिळ पुढं वर्षभर तिची गाडी होतं. बांगड्या आठ दिवसांत फुटल्या.

कात्रीची शिक्षा म्हणून त्या रात्री मी बाबूमियाच्या दुकानात बसून कुडत्यांना बटणं लावली. काजं किती आणि बटणं किती, याचा मेळ बसलाच पाहिजे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ईदला गावातल्या अकरा माणसांचा एक खांदा वर आणि एक खाली. मुल्लाजींचासुद्धा. पोरींची आई गाडीतनं वेशीत उतरली, तिनं ते तिरपे कुडते बघितले आणि घरात पाऊल टाकताच मला विचारलं, "काय केलंत?" मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं.

आणि कोंडाआत्या? ती दुपारी पान खायला आली, आणि सवयीनं नागूला म्हणाली की बीजेला भाऊ यायचा होता बाई. नागू रिळ फिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "माज्यासाठी आप्पांनी आख्खा डबा कापला. तुमच्यासाठी कुनी कापला व्हता का?"

कोंडाआत्या पान न खाताच गेली. मी आत जाऊन उरलेला शिरा खाल्ला. त्या दिवशी तोही मऊ लागला.

हां, आता तुमच्या मनात शंका आलीय ती कळली मला. यातलं बनवलेलं किती? ऐका तर. कात्री खरी, मुल्लाजी खरे, नागू खरी, चिंच अजून उभी आहे, जाऊन बघा. हैदराबादची तारसुद्धा माझ्या मनात खरोखर गेली होती. खोटा आहे तो एकच. पश्चिमेचा ढग.

ढग नव्हता. त्या दिवशी आभाळ घासलेल्या पितळीसारखं लख्ख होतं. चांद माझ्या पाठीमागं, अगदी डोक्याएवढ्या उंचीवर आलेला. माझ्या पोरी त्याला ओवाळत होत्या, मुल्लाजी त्याच्याकडं बघून हात उचलत होते, अकरा कुडते बाकी असलेला बाबूमियासुद्धा कपाळाला हात लावून त्याच्याकडंच बघत होता. सगळ्या गावात मी एकटा पाठ फिरवून उभा होतो, चिंचेकडं बघत, काय झकास जमलाय म्हणून.